‘भागीदारी’चा अर्थसंकोच : बंगळूरच्या रेशमाचा दाखला

मराठी व्यवहारात ‘भागीदार’ म्हणजे नफ्याबरोबर तोट्याचाही वाटेकरी होय. शेत अर्धेलीने लावले असता जमीन एकाची व श्रम दुसऱ्याचे असतात. पीक बुडाल्यास झळ मात्र दोघांनाही बसते. श्रीमंत राष्ट्रसमूह आणि विकसनशील देश यांच्यातील करारांतही ‘भागीदारी’ हीच संज्ञा रूढ झाली आहे. एका व्यवहारातून दुसऱ्या व्यवहारात जाताना संज्ञेच्या अर्थाचा कोणता अंश मागे राहतो, हा प्रश्न तुलनात्मक अभ्यासाच्या कक्षेत येतो.

युरोपीय आर्थिक समुदायाचे ९ सदस्य आणि आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिक प्रदेशांतील ४६ देश यांच्यात १९७५ मध्ये लोमे येथे करार झाला. त्यात ‘स्टॅबेक्स’ ही तरतूद होती. कोको, कॉफी, भुईमूग अशा मालाच्या निर्यातीचे उत्पन्न घसरल्यास युरोपने भरपाई द्यावी, असे तिचे स्वरूप होते. त्या कराराच्या शीर्षकात ‘भागीदारी’ हा शब्द नव्हता. २००० च्या कोतोनू कराराने तो शीर्षकात आणला. पण त्याच कराराने स्टॅबेक्स रद्द करून तिच्या जागी निराळी व्यवस्था आणली. शब्द पुढे आला त्याच वेळी तोटा वाटून घेण्याची जुनी तरतूद मागे पडली, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

भारत या करारांच्या परिघाबाहेर होता. तथापि, केंद्रीय रेशीम मंडळाचे मुख्यालय असलेल्या बंगळूरच्या परिसरात हाच प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. १९९१ ते २००७ या काळात जपानच्या साहाय्याने तीन टप्प्यांत रेशीम विकास प्रकल्प राबविण्यात आला. म्हैसूर येथील संशोधन संस्थेत उष्ण हवामानाला साजेसे, अधिक लांब व एकसारखा धागा देणारे बायव्होल्टाइन संकर त्यातून तयार झाले. जपानचा स्वतःचा रेशीम व्यवसाय मात्र याच काळात जवळजवळ लयाला जात होता. ज्ञानाचे हे हस्तांतर खरे होते आणि त्याचा लाभही खरा होता.

परंतु सहकार्याचा विषय उत्पादन हा होता. भाव त्याच्या कक्षेत नव्हता. २०११ च्या अर्थसंकल्पात कच्च्या रेशमावरील आयातशुल्क ३० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. विणकरांना स्वस्त सूत हवे होते. पण चीनच्या रेशमाशी थेट स्पर्धा आल्याने रामनगरच्या बाजारात कोषांचे भाव कोसळले आणि शेतकऱ्यांनी आंदोलने केली. २०१३ मध्ये शुल्क १५ टक्के करण्यात आले. निर्णय भारत सरकारचा होता. त्याचा दोष जपानकडे जात नाही. मात्र नव्या जातीसाठी तुतीची लागवड आणि कीटकसंगोपनगृह यांवर खर्च केलेल्या शेतकऱ्याला ‘लाभार्थी’ म्हटले गेले असले, तरी त्याच्या तोट्याला वाटेकरी कोणीच नव्हता.

‘लाभार्थी’ या शब्दातच तोट्याची शक्यता गृहीत धरलेली नाही. म्हणून अशा करारांच्या संहिता वाचताना ‘भागीदारी’ किती वेळा आली, यापेक्षा नुकसान कोणाच्या नावे लिहिले आहे, हे पाहणे अधिक उचित ठरते. अर्धेलीच्या व्यवहारात हे कलम न लिहिताही दोघांना ठाऊक असते. आंतरराष्ट्रीय करारात ते लिहिले नाही, तर ते नसतेच.