गाडीच्या रंगावरील कोळ्याचे जाळे

बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेसाठी लसीकरणावर किंवा बालआहारावर लिहावे, ही अपेक्षा रास्तच आहे व ती मी अनेक वर्षे इमानाने पूर्ण केली आहे. यंदा मात्र संपादक मंडळाच्या संमतीने एका वेगळ्याच त्वचेविषयी लिहीत आहे. विषय मोटारीच्या रंगाचा आहे. परंतु त्यात माझ्या हातून घडलेला एक अन्याय आणि माझेच झालेले एक नुकसान गुंतलेले आहे.

आमची गडद निळी गाडी घेऊन दीड वर्ष झाले होते. एका रात्री पेट्रोलपंपाच्या प्रखर दिव्याखाली बॉनेटकडे लक्ष गेले, तो दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी असंख्य बारीक वर्तुळे! यांनाच स्वर्ल मार्क्स म्हणतात, हे पुढे कळले. आमच्या वसाहतीत गाड्या पुसणारे एक वयस्क गृहस्थ आहेत. "गोल गोल घासून तुम्ही रंगाची वाट लावली," असे मी दुसऱ्याच दिवशी त्यांना चारचौघांत सुनावले. ते खाली मान घालून एवढेच म्हणाले, "डाक्साब, कपडा तो आपने ही दिया था." पुढच्या महिन्यापासून मी त्यांचे काम बंद केले.

नंतर या विषयाचे वाचन केले तेव्हा आरोपपत्र मुळातच चुकीचे असल्याचे ध्यानात आले. हे ओरखडे गोल नसतातच. ते सरळ, वाकडे, सर्व दिशांना विखुरलेले असतात. त्यांपैकी प्रकाशाच्या प्रतिबिंबाभोवती आडवे पडलेले तेवढेच डोळ्यांकडे प्रकाश परतवतात, आणि त्या तुकड्यांतून वर्तुळाचा भास निर्माण होतो. हातात टॉर्च घेऊन फिरवून पाहावे; दिव्याबरोबर जाळेही सरकते. वर्तुळे खरी असती, तर ती जागच्या जागी राहिली असती.

आजच्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. सर्व मिळून जाडी साधारणपणे १०० ते १३० मायक्रॉन. त्यात क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या एका केसापेक्षाही बहुधा कमीच. गाडीची झळाळी आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षण, दोन्ही या थराकडे. आपल्या त्वचेशी तुलना करण्याचा मोह होतो, पण भेद मोठा आहे: त्वचा खालून नवी उगवते, क्लिअर कोट उगवत नाही.

रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते या थराहून कितीतरी कठीण. अशा धुळीवरून कोरडे फडके फिरवणे म्हणजे अतिशय बारीक पॉलिशपेपर फिरवणेच होय. फडके जुन्या चादरीचे होते आणि ते मी दिले होते. पाणी अर्धी बादली, तेही माझ्याच घरचे. न्हाऊ घालताना तान्ह्याचे अंग पिठाने खसखसून घासू नका, असे ओपीडीत रोज आयांना बजावणाऱ्या माझ्या हे लक्षात येऊ नये!

नुकसानीची कथा याच्या आधीची. जाळे दिसल्याच्या आठवड्यातच मी गाडी एका वर्कशॉपमध्ये 'रबिंग-पॉलिश'साठी दिली. परत आली ती आरशासारखी. चार-पाच वेळा धुतल्यावर जाळे पुन्हा हजर. अनेक पॉलिशांत तेल व भराव असतो. तो ओरखडे बुजवतो, नाहीसे करीत नाही. शिवाय बॉनेटच्या कडेला रुपयाच्या नाण्याएवढा निस्तेज डाग पडला होता. कडांवर थर पातळ असतो आणि वेगाने एकाच अक्षावर फिरणारे रोटरी यंत्र तेथे क्षणभर जास्त टेकले, तर घर्षणाने व उष्णतेने क्लिअर कोट निघून जातो. त्यावर नव्याने रंग देण्यावाचून उपाय नाही.

खरे पॉलिश ओरखडा भरत नाही. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट खरवडून पृष्ठभाग त्याच्या तळापर्यंत समतल करते. प्रत्येक वेळी थोडा थर कायमचा खर्ची पडतो. म्हणून नखाची परीक्षा आधी करावी: ओरखड्यावरून नख फिरवताना ते अडकले, तर तो बहुधा पॉलिशच्या आवाक्याबाहेरचा समजावा. न अडकल्यास गाडी स्वच्छ धुऊन, क्ले बारने चिकटलेले कण काढून, फूटभर जागेवर सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ फोमचा पॅड वापरून पाहावे. भागले नाही तरच तीव्र मात्रा. यंत्र शक्यतो ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे फिरता फिरता डोलणारे असावे. त्याने एका जागी उष्णता कमी साठते. नंतर ती जागा पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टॉर्चखाली पाहावी, म्हणजे भरावाची फसवणूक उघड होते. जाडी मोजण्याचे छोटे यंत्र चांगल्या कारागिराकडे असते. ते आहे का, हे विचारण्यात संकोच नको. सिरॅमिक कोटिंगची हल्ली फार चलती आहे. त्याने धुणे सोपे होते, पण मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा तो लेप धुळीच्या फडक्यापुढे फारसा टिकाव धरत नाही.

धुण्याची रीत मात्र स्वस्त आहे. गाडी सावलीत, पत्रा गार झाल्यावर घ्यावी. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी. मग दोन बादल्या: एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शॅम्पूत बुडवायचा. वरून खाली यावे. चाकांचे फडके वेगळे. जमिनीवर पडलेले फडके धुतल्याविना पुन्हा रंगाला लावू नये.

त्या गृहस्थांची मी घरी जाऊन क्षमा मागितली. ते परत आले, पण पाणी पुरेसे मिळाले तरच धुणार, ही अट घालून. नर्मदेचे पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येते. मधल्या दिवशी धूळ तशीच राहते, आणि डॉक्टरांची गाडी इतकी मळकी कशी, असे शेजारी अधूनमधून विचारतात. बॉनेटवरचा डाग अजून तसाच आहे.