रस्त्याआधी जमिनीची तपासणी: कब्रस्तानाचे कागद आजच का शोधायचे?

महामार्ग रुंद होणार अशी बातमी आली की गावात पहिला प्रश्न निघतो, "आपलं कब्रस्तान त्यात जातंय का?" पण जेसीबी दारात आल्यावर धावपळ करून फारसं काही हाती लागत नाही. जे करायचं ते आधीच करावं लागतं.

रस्त्यापूर्वीच्या पुरातत्त्वीय पाहणीचा हेतू हाच असतो. तज्ज्ञ आधी जुने नकाशे, महसुली कागद आणि गॅझेटियर तपासतात. मग शेतं-माळ पायी फिरून खापरं, विटा, कोरीव दगड शोधतात. शंका आली तर रडारसारख्या यंत्राने जमिनीखालचं पाहतात, लहान चर खोदतात. महत्त्वाचं काही सापडलं तर एकतर रस्त्याची आखणी बदलते, नाहीतर रीतसर उत्खनन करून नोंद केली जाते.

स्पेनमधल्या तौस्ते या गावाचं उदाहरण घ्या. तिथे मुस्लिम वस्ती फारशी नव्हती, असा समज होता. २०२० मध्ये रस्त्याच्या कामाच्या वेळी उत्खनन झालं आणि ४०० हून जास्त कबरी सापडल्या. मय्यत उजव्या कुशीवर, तोंड किब्ल्याकडे. गावाचा इतिहासच बदलला. मात्र सांगाडे काढून अभ्यासासाठी ठेवावे लागले. म्हणजे उत्खननाने माहिती वाचते, कबर वाचतेच असं नाही. कबर जागेवर राहायची असेल तर रस्त्याची आखणी ठरतानाच बोलावं लागतं.

आपल्याकडे कायदा काय सांगतो? केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. पण गावातला जुना दर्गा, ईदगाह किंवा कब्रस्तान बहुधा त्या यादीत नसतं. मग हे संरक्षण मिळत नाही.

अशा वेळी राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ मधली तरतूद कामी येते. भूसंपादनाची अधिसूचना राजपत्रात आल्यापासून २१ दिवसांत, जमिनीत हितसंबंध असलेल्यांना लेखी आक्षेप घेता येतो. कारणं द्यावी लागतात, सुनावणीही होते. अधिसूचनेचा गोषवारा दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असतं. म्हणून पेपरातल्या त्या बारीक अक्षरांच्या जाहिराती वाचत चला.

२१ दिवसांत कागद शोधायला सुरुवात केली तर वेळ पुरत नाही. सातबारा, वक्फ मंडळाकडची नोंद, मोजणी नकाशा, जुनी सनद किंवा इनामाचे कागद असतील तर ते एका फाइलमध्ये ठेवा. जुन्या कबरींचे आणि शिलालेखांचे फोटो तारखेसह काढा. कोणत्या कोपऱ्यात निशाणी नसलेल्या कबरी आहेत, हे बुजुर्गांना विचारून लिहून घ्या.

येत्या जुम्म्याला नमाजनंतर मुतवल्ली किंवा विश्वस्तांना एवढं तरी विचारा: आपले कागद कुणाकडे आहेत?