लाल दिवा विझला, पण कारण?

मोटारीची किल्ली फिरवली की डॅशबोर्डावर क्षणभर दिव्यांची रांगोळी उमटते. ऑइलचा, बॅटरीचा, इंजिनाचा, एअरबॅगचा असे सगळे दिवे हजेरी लावतात आणि इंजिन सुरू झाले की एकेक करून निघून जातात. या मंडळींत एक लाल दिवा असतो: एक वर्तुळ, वर्तुळात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंसासारख्या दोन रेघा. हा ब्रेकचा दिवा. दिव्यांच्या रंगांचा संकेत जगभर एकच आहे. पिवळा म्हणजे लवकर लक्ष द्या. लाल म्हणजे धोका आहे, आधी थांबा.

प्रत्यक्षात मात्र हा दिवा लागला की आपल्याकडे तीन गोष्टी घडतात. पहिली, ‘सेन्सर बिघडला असेल’ म्हणून दुर्लक्ष. दुसरी, ‘परत आल्यावर दाखवू’ म्हणून चालढकल. तिसरी गोष्ट सर्वांत समजूतदारपणाची वाटते आणि म्हणूनच ती अधिक घातक ठरू शकते. रस्त्यावरच्या गॅरेजात गाडी थांबते, मिस्त्री बॉनेट उघडून छोट्या टाकीत ब्रेक ऑइल ओततो, दिवा विझतो. ‘साहेब, ऑइल कमी होतं. टाकलंय. बिनधास्त जा.’ आणि मुलाबाळांनी भरलेली गाडी बिनधास्त घाटाला लागते.

ताप उतरवण्याची गोळी घेतली म्हणजे दुखणे बरे झाले असे आपण मानत नाही. ताप का आला, हे डॉक्टरांना विचारतो. ब्रेकचा दिवा हा असाच ताप आहे. तो लक्षण आहे, निदान नव्हे. ऑइल कमी होते, हे मिस्त्रीने सांगितले. पण ते कमी का झाले? या एका प्रश्नाभोवती ब्रेकचे सारे आरोग्य फिरते.

बंद घरातले ऑइल

ब्रेकचे पेडल आणि चाके यांच्यामध्ये असते फक्त द्रव भरलेली नळी. बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोचतो, हा ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा सतराव्या शतकातला नियम आपण शाळेत घोकलेला असतो. १९१७ मध्ये माल्कम लॉकहीड यांनी हायड्रॉलिक ब्रेकचे पेटंट मिळवले आणि १९२१ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना असे ब्रेक आले. पाय दाबला की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ऑइल रेटतो. ते ऑइल पुढच्या चाकांत ब्रेक पॅडना डिस्कवर दाबते आणि मागे ड्रम असतील तर आतले लायनर बाहेर ढकलते.

यातली महत्त्वाची बाब अशी की हे ऑइल इंजिन ऑइलसारखे जळत नाही आणि पेट्रोलसारखे खर्चही होत नाही. ते बंद घरात राहते. म्हणूनच त्याची पातळी उतरली की त्यामागे काहीतरी कारण असलेच पाहिजे.

पूर्वीच्या मोटारींत ही सगळी नळ्यांची व्यवस्था एकसंध असे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. १९६० च्या दशकात व्यवस्थेच्या दोन स्वतंत्र शाखा करण्याची पद्धत रुळू लागली आणि अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मोटारींत पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एका शाखेवर, तर उरलेली दोन चाके दुसऱ्या शाखेवर असतात. ऑइलच्या टाकीतही आत पडदा असतो. त्यामुळे एका शाखेला गळती लागली तरी दुसरीचा वाटा शिल्लक राहतो. लाल दिवा लागतो तेव्हा बहुधा आपल्या हाती ही उरलेली शिदोरी असते. ती थांबण्यासाठी आहे, पुढच्या गावापर्यंत पोचण्यासाठी नव्हे.

एक दिवा, अनेक निरोप

गोंधळाचे मूळ असे की हा एकच दिवा अनेकांचे निरोप आणतो. हँडब्रेक ओढलेला असला तरी तो लागतो आणि ऑइल कमी झाले तरी तोच लागतो. टाकीत एक तरंगता पोहणारा असतो. पातळी खाली गेली की तोही खाली जातो, स्विच जुळतो आणि दिवा पेटतो. म्हणून तपासणीही क्रमाने करावी लागते.

सर्वांत आधी हँडब्रेक. तो पूर्ण खाली आहे ना? एखादा दात वर राहिला तरी दिवा लागतो आणि तसेच काही मैल गेले तर मागचे लायनर तापून जळकट वास येऊ लागतो. दांडा दोन-तीनदा वरखाली केल्यावर दिव्याची उघडझाप झाली, तर दांड्याखालचा स्विच अडकत असण्याचा संभव असतो. हा दोष किरकोळ. ज्या नव्या गाड्यांत दांड्याऐवजी बटण आहे, तिथे ते बटण पाहावे.

हँडब्रेक निर्दोष ठरला की सपाट जागी गाडी उभी करून बॉनेट उघडावे. मागच्या बाजूला, चालकाच्या समोर, अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची छोटी टाकी असते. तिच्यावर कमाल आणि किमान अशा दोन खुणा असतात. झाकण न उघडताही पातळी दिसते. किमान खुणेच्या खाली असेल, तर दिवा खरे बोलतो आहे. पातळी चांगली असूनही दिवा लागत असेल, तर पोहणारा अडकला असेल किंवा वायरिंगमध्ये दोष असेल.

दिवा केव्हा लागतो, हेही बोलके असते. वळणावर किंवा उतारावर लागतो आणि सरळ रस्त्यावर विझतो, तर ऑइल अगदी काठावर आले आहे. हिंदकळले की पोहणारा खाली जातो. ‘आपोआप विझला’ म्हणून समाधान मानण्याचा हा प्रसंग नव्हे. काही मोटारींत ब्रेकचा आणि बॅटरीचा दिवा एकदमच लागतात, तेव्हा मूळ दुखणे अल्टरनेटरचे असू शकते. एबीएसचा पिवळा दिवा एकटाच लागला, तर साधे ब्रेक चालू असतात, फक्त चाक घसरू न देण्याची सोय गेलेली असते. पिवळ्याबरोबर लालही लागला, तर मात्र पुढच्या-मागच्या चाकांतली दाबाची वाटणी बिघडलेली असू शकते आणि जोरात ब्रेक मारल्यास मागची चाके जाम होण्याचा धोका असतो. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे, म्हणून ही जोडी आता पुष्कळांना ओळखीची असावी.

ऑइल गेले कुठे?

पातळी उतरली असेल तर कारणे मुख्यत्वे दोन. पहिले कारण सोज्वळ आहे. ब्रेक पॅड झिजतात. नवा पॅड साधारण १० मिलिमीटर जाड असतो. तो झिजला की मागचा दट्ट्या तेवढा पुढे सरकून राहतो आणि त्याच्या मागची वाढलेली जागा टाकीतले ऑइल भरून काढते. म्हणजे ऑइल हरवले नाही, जागा बदलली आहे. वर्षा-दोन वर्षांत सावकाश पातळी उतरते ती अशी. दिव्याचा खरा निरोप इथे ‘ऑइल घाला’ असा नसून ‘पॅड पाहा’ असा असतो. पॅड २-३ मिलिमीटरवर आले असतील तर बदलायलाच हवेत. अशा वेळी नुसते ऑइल ओतले की दिवा गप्प बसतो आणि पॅड पत्र्यापर्यंत झिजत जातो. मग डिस्कवर लोखंड घासते आणि शेकड्यांचे काम हजारांवर जाते. शिवाय पुढे नवे पॅड बसवताना दट्ट्या मागे ढकलला की जादा ओतलेले ऑइल टाकीतून उसळून रंगावर सांडते. हे ऑइल रंग खाते.

दुसरे कारण गळतीचे. ती मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरला असते, चाकाजवळच्या रबरी होजला असते, नळीच्या जोडावर असते किंवा खुद्द मास्टर सिलिंडरला असते. शोधण्याचा घरगुती उपाय सोपा आहे. रात्री गाडीखाली, चारही चाकांच्या आतल्या बाजूला जुनी वर्तमानपत्रे अंथरावीत. सकाळी मधोमध पाण्याचा डाग दिसला तर तो एसीचा, चिंता नाही. चाकाच्या आतल्या अंगाला बुळबुळीत, मधासारखा किंवा काळपट डाग दिसला तर गाडी जागची हलवू नये. मिस्त्रीला घरी बोलवावे. टायरच्या आतल्या भिंतीवर ओले ओघळ दिसले तरी अर्थ तोच.

पेडलचीही परीक्षा घ्यावी. इंजिन बंद करून चार-पाच वेळा पेडल दाबावे, मग अर्धा मिनिट घट्ट दाबून ठेवावे. ते हळूहळू खाली बसू लागले तर कुठेतरी दाब निसटतो आहे. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केल्यावर पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक आहे. पेडल स्पंजासारखे लागले, तर नळीत हवा शिरली आहे.

जे दिव्याला दिसत नाही

इथवर दिव्याचे ऐकायचे कसे, ते पाहिले. पण दिवा लागला नाही म्हणजे ब्रेक ठणठणीत, असेही नाही. बिचाऱ्याला टाकीतली पातळी तेवढी दिसते. मास्टर सिलिंडरचे रबर आतल्या आत झिजून पेडल खाली जात असले, तरी ऑइल बाहेर पडत नसल्याने पातळी तशीच राहते आणि दिवा स्वस्थ असतो. ऑइल जुने झाले, हेही त्याला कळत नाही.

ब्रेक ऑइल हवेतले बाष्प शोषते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत आणि डॉट ४ चे २३० अंशांपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. पण त्यात चारेक टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येते. आमच्या कोकणच्या पावसाळी हवेत हे विसरून चालणार नाही. म्हणून बऱ्याच उत्पादकांच्या पुस्तिका दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात. वर्षभर उघडून ठेवलेल्या बाटलीतले उरलेले ऑइल घालू नये, ते याचसाठी. आणि इंजिन ऑइल तर चुकूनही नको. त्याने आतली रबरे फुगतात.

ही उकळण्याची गोष्ट घाटात महत्त्वाची ठरते. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी सुमारे १,३०० मीटर खाली येते. माणसांसह १,२०० किलो वजनाची गाडी एवढी उतरताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात जवळजवळ ५० लिटर थंड पाणी उकळीला येईल. यातला काही भाग वारा आणि इंजिन घेते; उरलेला सगळा ब्रेकनी घ्यायचा. गिअरमध्ये उतरलो तर इंजिन आपला वाटा उचलते. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल केले तर सारा भार पॅडवर आणि लायनरवर येतो, ती तापतात, जुने ऑइल उकळते आणि नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. इंजिनच बंद केले तर बूस्टरची ताकदही दोन-तीन दाबांत संपते. हे सगळे घडताना लाल दिवा शांत असू शकतो.

म्हणून चढताना जो गिअर लागला असता, त्याच गिअरात उतरावे, हा जुन्या चालकांचा दंडक आजही सोन्यासारखा आहे. जळका वास आला किंवा पेडल मऊ वाटले तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक निवू द्यावेत. त्यांवर पाणी ओतू नये. चालत्या गाडीत पेडल एकदम खाली गेलेच, तर ते भराभर दाबत राहावे, एकेक गिअर खाली आणावा आणि दांड्याचे बटण दाबून धरून हँडब्रेक हळूहळू ओढावा. हँडब्रेक सहसा तारेवर चालतो. ऑइलशी त्याचा संबंध नसतो. एकदम ओढला तर मात्र मागची चाके जाम होऊन गाडी फिरते.

सहलीला निघताना आपण डबे मोजतो, पाण्याच्या बाटल्या मोजतो, स्टेपनीतली हवाही पाहतो. त्यात दोन मिनिटांची भर घालावी. किल्ली फिरवल्यावर लाल दिवा लागतो का, हे आधी पाहावे. न लागला तर निरोप्याच मुका झालेला असतो. मग तो विझतो का, हे पाहावे आणि बॉनेट उघडून टाकीच्या खुणेवर नजर टाकावी. गाडी सर्व्हिसिंगहून आली आणि बिलावर ‘ब्रेक ऑइल टॉप अप’ एवढेच लिहिलेले असेल, तर पैसे देण्यापूर्वी मिस्त्रीला शांतपणे विचारावे, ‘कमी का झालं होतं?’ तो पॅडची जाडी सांगेल किंवा गळतीची जागा दाखवेल. दोन्हीपैकी काहीच सांगता आले नाही, तर चाके खोलून पाहायला लावावीत. तोवर घाट थांबू शकतो.