राजेशाही मोटार घाटाच्या परीक्षेत

मराठीच्या मास्तराने मोटारीची परीक्षा घ्यावी, हे ऐकून कोणालाही हसू येईल. परंतु उत्तरपत्रिका तपासण्यात ज्याचे आयुष्य चालले आहे, त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : सुंदर अक्षर निराळे आणि ज्ञान निराळे. जुन्या ऐषारामी मोटारींचेही तसेच आहे. पितळी दिवे आणि कातडी बैठका पाहून आपण 'वाहवा' म्हणतो. पण ते झाले नुसते अक्षर. मोटार रस्त्यावर कशी चालते, हे तिचे ज्ञान!

आमचे वणीजवळचे राजूर म्हणजे कोळशाचे आणि चुन्याचे गाव. कोळशाच्या ट्रकांनी रस्त्याची काय अवस्था होते, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. म्हणून गाडी किती वेगाने पळते, असे इकडे फारसे कोणी विचारत नाही. "वाटेत दगा तं नाई देत ना बाप्पा?" एवढाच सवाल!

गंमत अशी की, रोल्स-रॉइसने १९०७ साली आपल्या मोटारीपुढे हाच सवाल टाकला होता. सहा सिलिंडर आणि सात लिटरांचे इंजिन असलेली ती रुपेरी 'सिल्व्हर घोस्ट' लंडन-ग्लासगो रस्त्यावर येरझारा घालू लागली. रॉयल ऑटोमोबाइल क्लबची तिच्यावर देखरेख होती. ६२९ मैलांवर हादऱ्याने पेट्रोलची तोटी आपोआप मिटली आणि मोटार एक मिनिट खोळंबली. त्यानंतर मात्र १४,३७१ मैल, म्हणजे सुमारे २३ हजार किलोमीटर, ती एकदाही बिघडून थांबली नाही. अखेरीस सारी यंत्रे सोडवून तपासली, तेव्हा झिजलेले भाग बदलण्याचा खर्च निघाला २ पौंड, २ शिलिंग आणि ७ पेन्स!

पण विलायतेतला रस्ता तो विलायतेतला. आपल्या सह्याद्रीचे काय? तीही परीक्षा झाली. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मोटार चाचणीत याच जातीची 'पर्ल ऑफ द ईस्ट' उतरली. जाऊन-येऊन ६२० मैल आणि वाटेत सहा घाट! मोटार कोठेही बंद न पडता परतली आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली.

ही चढण तिला साधली, याचे रहस्य वेगात नाही. मोठे इंजिन थोड्या फेऱ्यांतच भरपूर जोर देते, त्यामुळे गिअर वारंवार बदलावा लागत नाही. १९११ साली या जातीच्या मोटारीने लंडन ते एडिंबरो आणि परत हा प्रवास वरच्याच गिअरमध्ये केला, आणि तोही गॅलनला २४ मैलांहून अधिक या हिशेबाने.

मग पैकीच्या पैकी गुण द्यावेत काय? थांबा, उतरणीचा पेपर राहिला आहे. या मोटारीला पुढच्या चाकांचे ब्रेक मिळाले ते १९२४ च्या सुमारास. गाडी रोखताना भार पुढे जातो. त्यामुळे मागची चाके हलकी होऊन घसरू लागतात. दीड टनाहून अधिक वजनाचे हे धूड घाटातून उतरवायचे, तर खालचा गिअर टाकून इंजिनाच्याच ओढीने वेग आवरायचा आणि ब्रेक जपून वापरायचा. म्हणजे मोटारीच्या यशात निम्मे गुण चालवणाऱ्याचे!

हे ज्ञान पुस्तकात मिळत नाही. ते चालकाच्या पायात आणि मिस्त्रीच्या कानात असते. मोटार काचेआड ठेवली की पितळ चकाकत राहते, पण हे कसब मात्र गंजते. म्हणून या दिवाळीनंतर जुन्या मोटारींची मिरवणूक पाहायला मुलाबाळांना घेऊन गेलात, तर मालकाला गाडीची किंमत विचारू नका. "हिने शेवटचा घाट कधी चढला?" असे विचारा, आणि तो हसून उत्तर देऊ लागला, तर हळूच पुढचे विचारा, "आणि उतरवली कोणी?"