आगीवर ड्रोन घिरट्या घालतोय, फायर ऑफिसर तो पाडू शकतो का?

९ जानेवारी २०२५. लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागात वणवा पेटलेला होता. कॅनडातल्या क्वेबेकहून मदतीला आलेलं 'सुपर स्कूपर' विमान आगीवर पाणी टाकत होतं. हे विमान पाण्याच्या पृष्ठभागावरून जाता जाता सुमारे १२ सेकंदांत ६,००० लिटर पाणी उचलतं. त्या दिवशी एका हौशी माणसाचा ड्रोन त्याच्या डाव्या पंखावर आदळला आणि पंखाला साधारण ३ बाय ६ इंचांचं भोक पडलं. विमान सुखरूप उतरलं, पण ऐन वणव्यात ते काही दिवस दुरुस्तीसाठी उभं राहिलं.

अशा वेळी कोणालाही वाटेल, खाली एवढा मोठा फायर ऑफिसर उभा आहे, त्याने तो ड्रोन पाडून का टाकला नाही? उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

जमिनीवर अधिकार स्पष्ट आहे

कॅलिफोर्नियात आगीच्या ठिकाणी फायरमनचा कायदेशीर आदेश मोडणं किंवा त्याच्या कामात अडथळा आणणं हा गुन्हा आहे. बघ्यांच्या गर्दीसाठी तिथल्या दंडसंहितेत कलम ४०२ आहे. २०१६ मध्ये या कलमात ड्रोनची भर पडली. ड्रोन घटनास्थळावर असेल, तर तो उडवणारा माणूस कुठेही बसलेला असो, कायदा त्याला घटनास्थळी हजर असलेला बघ्याच मानतो. म्हणजे 'मी तर घराच्या गच्चीवर होतो' ही सबब चालत नाही.

मग पाडायला काय हरकत?

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ड्रोन हे 'विमान' आहे आणि विमानाची मोडतोड करणं गंभीर गुन्हा आहे. सिग्नल जॅम करायलाही बंदी आहे. ड्रोन निकामी करण्याचे अधिकार २०१८ च्या कायद्याने काही केंद्रीय खात्यांना दिले, त्यात गावोगावची अग्निशमन दलं नव्हती.

कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये वेगळी तरतूद केली. आपत्कालीन कामात अडथळा आणणाऱ्या ड्रोनचं जवानांच्या हातून नुकसान झालं, तर मालक त्यांच्याकडे भरपाई मागू शकत नाही. हे संरक्षण फक्त भरपाईच्या दाव्यापुरतं आहे. केंद्रीय कायदा त्याने बदलत नाही.

खरं काम नकाशा करतो

म्हणून अधिकारी दुसरा मार्ग वापरतात. अग्निशमन यंत्रणा विमान वाहतूक प्रशासनाला, म्हणजे एफएएला, कळवते आणि एफएए आगीवरचं आकाश तात्पुरतं बंद करते. मग परवानगीशिवाय तिथे कोणी उडायचं नाही. हे गरजेचं आहे, कारण ही विमानं पाणी टाकायला खूप खाली येतात आणि हौशी ड्रोनही नेमके तिथेच उडतात. ड्रोन दिसला की विमानं मागे घ्यावी लागतात, आणि तेवढ्या वेळात आग पुढे सरकते.

पॅलिसेड्सवरचं आकाश त्या दिवशी बंदच होतं. तरी त्या माणसाने सांता मोनिकातल्या एका पार्किंग इमारतीच्या गच्चीवरून ड्रोन सोडला. तो २,५०० मीटरपेक्षा लांब गेला आणि नजरेआड झाला. पुढे त्याने गुन्हा कबूल केला. त्या करारात ६५,१६९ डॉलर भरपाई आणि १५० तास समाजसेवा होती. मुद्दाम वणव्याच्या कामात अडथळा आणल्याचं सिद्ध झालं, तर २ वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते.

ॲपने उडू दिलं म्हणजे परवानगी मिळाली का?

नाही. जिओफेन्सिंग म्हणजे बंदी असलेल्या भागात ड्रोनला सॉफ्टवेअरनेच अडवणं. पण त्याच जानेवारीत डीजेआय कंपनीने अमेरिकेत ही अडवणूक काढून त्या जागी फक्त इशारा ठेवत असल्याचं जाहीर केलं. इशारा बंद करून पुढे जायचं की नाही, हे आता उडवणाऱ्यावर आहे.

दुसरं तंत्र आहे रिमोट आयडी. ड्रोन आपला ओळख क्रमांक, आपली जागा आणि बहुतेक वेळा कंट्रोलरची जागा सतत प्रसारित करतो. त्यामुळे ड्रोनला हात न लावताही यंत्रणा उडवणाऱ्यापर्यंत पोहोचू शकते. एकदा माणूस समोर आला की जमिनीवरचा कायदा लागू करणं सोपं जातं.

आपल्याकडे काय?

ड्रोन नियम २०२१ मधला नियम २४ इथे लागू पडतो. तातडीची गरज असेल तर राज्य सरकार किंवा पोलिसांसारखी यंत्रणा एखाद्या भागावर तात्पुरता 'रेड झोन' जाहीर करू शकते. तो एका वेळी जास्तीत जास्त ९६ तासांचा असतो आणि डिजिटल स्काय नकाशावर दाखवावा लागतो. आदेश देणारा अधिकारी पोलीस अधीक्षक किंवा समकक्ष दर्जाचा तरी हवा. म्हणजे आग विझवणाऱ्या स्टेशन ऑफिसरने स्वतः झोन जाहीर करायचा नसतो, त्याला पोलिसांमार्फत जावं लागतं.

पण झोन जाहीर होईपर्यंत रान मोकळं आहे असं समजू नका. सरकारी कर्मचाऱ्याच्या कामात जाणूनबुजून अडथळा आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खाली गुन्हा आहे. ३ महिन्यांपर्यंत कैद, २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

थोडक्यात, आग दिसली तर ड्रोन बॅगेतच ठेवा. आधीच हवेत असेल तर लगेच उतरवा. तुमच्याकडे उपयोगी फुटेज असेल तर ते तिथल्या अधिकाऱ्याला दाखवा, आणि त्याने स्वतःहून सांगितल्याशिवाय पुन्हा उडवू नका.