पतियाळ्याची एकरुळी आणि घाटातला खेकडा

दिल्लीला सहकुटुंब जाणाऱ्यांची यादी ठरलेली असते. लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट आणि उरलेली संध्याकाळ सरोजिनी नगरच्या खरेदीला. चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाला त्यात सहसा जागा मिळत नाही. घरात पाच-सहा वर्षांचं पोर असेल तरच पावलं तिकडे वळतात. आम्हीही नातवाच्या हट्टापायी गेलो, आणि दुपारी जेवायला चला म्हणून हाका माराव्या लागल्या त्या मोठ्यांनाच.

१ फेब्रुवारी १९७७ रोजी सुरू झालेलं हे संग्रहालय बहुतेक उघड्यावरच आहे. झाडांच्या सावलीत रूळ आणि रुळांवर इंजिनं. आत शिरल्याबरोबर मुलं टॉय ट्रेनकडे पळतात. त्यांच्यासोबत एक मोठं माणूस द्यावं आणि बाकीच्यांनी पतियाळ्याची मोनोरेल गाठावी.

हे यंत्र पाहिल्यावर पहिला प्रश्न पडतो, हे कलंडत कसं नाही? इंजिनाची तीन चाकं एकामागे एक, एकाच रुळावर. एका अंगाला जमिनीवरून चालणारं एक भलंमोठं चाक, बैलगाडीचं काढून लावल्यासारखं. जवळजवळ सगळा भार रुळावर येतो, बाहेरचं चाक तोल तेवढा सांभाळतं. १९०७ साली पतियाळा संस्थानात ही गाडी सुरू झाली. रूळ रस्त्याच्या कडेलाच टाकायचा, त्यामुळे वेगळी जमीन घ्यायला नको, भराव घालायला नको. संस्थानाच्या पदरी लष्करासाठी पाळलेली खेचरं होतीच, तीच डब्यांना जुंपली. वाफेची इंजिनं मागाहून, बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीकडून आली. पुढे मोटारी आल्या, रस्ते सुधारले आणि १९२७च्या सुमारास गाडी बंद पडली. मायकेल सॅटो या रेल्वेवेड्या इंग्रजाला १९६२ साली तिचे अवशेष सापडले. अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात एक इंजिन पुन्हा चालतं झालं. हे संग्रहालय उभं राहण्यातही याच सॅटोंचा मोठा वाटा.

इथलं जे जे इंजिन विचित्र दिसतं, त्याच्यामागे अशीच एखाद्या जागेची अडचण असते. सिंद्रीच्या खत कारखान्यातलं इंजिन घ्या. त्यात भट्टीच नाही. कारखान्याच्या बॉयलरमधून वाफ भरून घ्यायची आणि ती पुरेल तोवर डबे ढकलायचे. ठिणगी उडायचा प्रश्नच नाही. बंगाल नागपूर रेल्वेचं गॅरट इंजिन मात्र नजरेत मावत नाही. अवजड मालगाड्यांसाठी मोठं इंजिन हवं, पण एकसलग लांब इंजिन वळणावर वळणार कसं? म्हणून मँचेस्टरच्या बायर-पीकॉकनं चाकांचे दोन संच केले, एक पुढे, एक मागे, आणि बॉयलर दोघांच्या मध्ये पुलासारखा टेकवला. वजन दोनशे टनांच्या वर. नातू त्याच्या चाकाशी उभा राहिला तर त्याचं डोकं चाकाच्या वर काही येईना.

माथेरानचं बुटकं इंजिनही इथे आहे. तेही ओरेनस्टाइन अँड कॉपेलचंच. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानं नेरळपासून २१ किलोमीटरची ही वाट १९०७ मध्ये खुली केली. तिथली वळणं इतकी आवळ की इंजिनाच्या टोकाच्या चाकांना जरा इकडेतिकडे सरकायची मुभा ठेवावी लागली.

मराठी माणसानं त्यानंतर ‘सर लेस्ली विल्सन’पाशी थांबावं. हे वाफेचं नाही, विजेचं इंजिन. १९२८चं, स्विस घडणीचं. मधला भाग उंच, पुढे-मागे लांब बसकी नाकाडं. परदेशात अशा इंजिनांना मगर म्हणतात, आपल्याकडच्या रेल्वेवाल्यांनी त्याचा खेकडा केला. जागेवर उभं असतानाही ते कण्हल्यासारखा आवाज करी. बोरघाटात ३७ फुटांमागे एक फूट चढ. तो चढताना अशी इंजिनं गाडीला मागून रेटा द्यायची. नाव ज्या गव्हर्नरांचं, त्यांनीच १९२५ साली मुंबई-कुर्ला मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी सुरू केली होती.

महाराजांचे सलून बघायला गर्दी फार. मखमल आणि नक्षी कुठल्याही राजवाड्यात दिसते, त्यापेक्षा अजमेरच्या कारखान्यात १८९५ साली घडलेलं ‘एफ-७३४’ बघावं. भारतात बनलेलं हे पहिलं वाफेचं इंजिन, आणि त्याच्यापाशी अगदीच तुरळक माणसं. आमच्या आईनं तिथे नातवाला कोळशाच्या गाडीचा प्रवास ऐकवला. “खिडकीशी बसलं की डोळ्यात कण गेलाच म्हणून समज. उतरलं की आधी तोंड धुवायचं, मग मामाकडे जायचं.” नातवाचा प्रश्न एवढाच, “मग खिडकीत बसायचंच कशाला?”

सोमवारी संग्रहालय बंद असतं. उन्हाळ्यात दुपारी पत्रा तापतो, तेव्हा हिवाळ्यातलाच दिवस धरावा. १८५५चं वाफेचं इंजिन ‘फेअरी क्वीन’ इथे भेटेलच असं नाही. तिचा मुक्काम हल्ली हरियाणात रेवाडीच्या वाफेच्या शेडमध्ये असतो. एक दिवस हाताशी असेल तर रेवाडीलाही जाऊन यावं.