जुन्या पिकअपची फ्यूज-पेटी

एका पावसाळ्यांतील गोष्ट. माझे एक स्नेही नाशिककडून मुंबईस भाजीपाला पोंचविण्यासाठीं एक जुनी पिकअप गाडी बाळगून आहेत. एका रात्रीं कसारा घाट उतरत असतां तिचे पुढचे दोन्ही दिवे एकदम गेले. पाऊस कोसळत होता. रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टाही दिसेना. सुदैवानें चालकानें गाडी कशीबशी कडेला घेतली. मोबाईलच्या उजेडांत त्यानें फ्यूज-पेटी उघडली, जळालेल्या फ्यूजभोंवतीं सिगारेटच्या पाकिटांतील चांदीचा कागद गुंडाळला आणि तो पुन्हां जागेवर बसविला. दिवे लागले, माल वेळेवर बाजारांत पोंचला आणि चालकाच्या हुषारीचें कौतुक झालें. आठ दिवसांनीं डॅशबोर्डामागून धूर येऊं लागला, तेव्हां त्या कौतुकाची किंमत कळली. चार तारांचें आवरण वितळून त्या एकमेकींस चिकटल्या होत्या. आणखी थोडा उशीर होता, तर गाडी पेटली असती.

ती पेटी बदलण्याचें काम मीं शेजारीं बसून पाहिलें. तेंच आज श्रोत्यांपुढें मांडावयाचें आहे. कारण त्यांतलें तत्त्व ज्यांच्या दारीं गाडी नाहीं त्यांनाही उपयोगी पडणारें आहे.

प्रथम फ्यूज म्हणजे काय तें पाहूं. तारेंतून वीज वाहूं लागली म्हणजे तार थोडीफार तापते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. यासाठीं प्रत्येक मार्गांत मुद्दाम एक दुबळा दुवा ठेवतात. मर्यादेबाहेर प्रवाह गेला कीं तो वितळतो आणि मार्ग तुटतो. एडिसननें अशा फ्यूजच्या ठोकळ्याचें पेटंट १८९० सालीं घेतलें. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, फ्यूज हा दिव्याच्या किंवा भोंग्याच्या रक्षणासाठीं आहे. वस्तुतः तो तारेच्या रक्षणासाठीं आहे. दिवा गेला तर दुसरा मिळतो. डॅशबोर्डामागें दडलेली तार तापली तर ती गाडी घेऊन जाते. म्हणून कोणता फ्यूज घालावा हें दिव्याला नव्हे, तारेला विचारावयाचें असतें. आमच्या चालकाचा चांदीचा कागद वितळणारा नव्हता. पुढें एका तारेचें आवरण घासून तांबें गाडीच्या पत्र्याला टेकलें, तेव्हां दुबळा दुवा राहिलाच नव्हता. म्हणून खुद्द तारच फ्यूज झाली.

मग मुळांत तो फ्यूज जळाला कां? गाडींत जर्मन पद्धतीची जुनी पेटी होती. तिच्यांत चिनी मातीचे, दोन्हीं टोंकांस निमुळते फ्यूज असतात. त्यांच्या अंगावरून धातूची एक पट्टी जाते आणि दोन पितळी चिमट्यांच्या मध्यें ते केवळ स्प्रिंगच्या दाबानें उभे राहतात. पिवळा ५ अँपिअरचा, पांढरा ८ चा, तांबडा १६ चा आणि निळा २५ चा, असा त्यांचा संकेत आहे. कोणा मिस्त्रीनें पूर्वीं कधीं तरी दोन्ही दिवे एकाच तांबड्या फ्यूजवर आणून ठेवले होते. पुढें मालकांनीं जास्त उजेडाच्या हौसेनें १०० वॅटचे दोन दिवे बसविले. २०० वॅटला १२ व्होल्टनीं भागिलें तर साडेसोळा अँपिअरहून अधिक प्रवाह येतो. शिवाय वर्षानुवर्षांच्या दमट हवेनें चिमटे गंजले होते आणि त्यांची स्प्रिंग ढिली पडली होती. अशा सैल सांध्यावर स्वतंत्रच उष्णता निर्माण होते. फ्यूज शाबूत असून दिवे मंद कां, किंवा पेटीचें प्लॅस्टिक काळें कां पडलें, याचें उत्तर बहुधा येथेंच सांपडतें. पेटी बदलण्याचें खरें कारण हें आहे. अधिक मोठे फ्यूज घालतां यावेत हें नव्हे.

नव्या पेटींत पात्यासारखे चपटे फ्यूज बसतात. अमेरिकेंतील लिटलफ्यूज कंपनीनें ते १९७६ सालीं आणले आणि पुढें सर्वत्र रूढ झाले. त्यांचीं दोन पातीं खांचेंत घट्ट रुतत असल्यामुळें सांधा सहसा सैल होत नाहीं. पारदर्शक अंगांतून जळालेली तार दिसते. त्यांचे रंग मात्र निराळे आहेत. तांबडा १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. जुन्या पेटींतील तांबडा आणि नव्या पेटींतील तांबडा एक नव्हेत, हें विसरूं नये. १६ च्या जागीं १५ चा घालावा. २० चा सांपडला म्हणून तो घालूं नये.

आतां प्रत्यक्ष काम. सर्वांत आधीं बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी आणि ती सर्वांत शेवटीं जोडावी. नंतर जुन्या पेटीचें छायाचित्र घेऊन प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी. तारांचे दोन वर्ग असतात. एका वर्गाला बॅटरीची वीज सदैव मिळते. भोंगा आणि उभ्या गाडीचे दिवे सामान्यतः या वर्गांत असतात. दुसऱ्याला किल्ली फिरविल्यावरच मिळते. वायपर आणि पंखा त्यांत येतात. बाजारांतील पुष्कळ पेट्यांत मात्र सर्व फ्यूजना वीज पुरविणारी एकच सामाईक पट्टी असते. ती तशीच जोडली तर किल्ली काढतांच भोंगा मुका होतो, नाहीं तर बंद गाडींतही वायपर-पंखा चालूं शकतात आणि बॅटरी उतरते. म्हणून दोन पट्ट्यांची एक पेटी किंवा दोन लहान पेट्या घ्याव्या.

तारांचीं हिरवीं पडलेलीं टोंकें कापून स्वच्छ तांबें लागेपर्यंत मागें जावें. योग्य मापाचीं टोपणें हत्यारानें दाबून बसवावीं. नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळणें म्हणजे जुनाच रोग नव्या घरांत नेणें होय. पेटी कोरड्या जागीं, हात पोंचेल अशी असावी. पुढील कांचेच्या फटींतून जेथें पाणी ठिबकतें तेथें ती नसावी. आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. बॅटरीपासून पेटीपर्यंत येणारी जाड तार पेटींतल्या कोणत्याच फ्यूजच्या रक्षणाखालीं येत नाहीं. तिच्यासाठीं बॅटरीच्या अगदीं जवळ एक मुख्य फ्यूज हवाच.

आमच्या स्नेह्यांच्या गाडींत जळालेल्या तारा बदलल्या आणि पुन्हां ६० वॅटचे दिवे आले. प्रत्येकाला ५ अँपिअर पुरतात; तार तपासून प्रत्येकाला १० चा स्वतंत्र फ्यूज दिला. सामान्यतः चालू प्रवाह फ्यूजच्या आंकड्याच्या पाऊण हिश्शाच्या आंत असावा, म्हणजे तो उगाच जळत नाहीं. आतां एक फ्यूज गेला तरी दुसरा दिवा घाटांत वाट दाखवील. फ्यूज पुन्हां जळाला तर एकदां बदलावा; लगेच दुसऱ्यांदा जळाला तर तारेंतील दोष शोधावा.

आपल्यापैकीं पुष्कळांना घरांतील चिनी मातीचे जुने फ्यूज आठवत असतील. तार वारंवार तुटते म्हणून वैतागून एखाद्या वडीलधाऱ्यानें तेथें जाड तार ओंवल्याचेंही स्मरत असेल. घरांतील असो कीं गाडींतील, तो दुवा दुबळा आहे म्हणूनच बाकीचें सारें सुरक्षित असतें. स्नेह्यांच्या नव्या पेटीच्या झांकणावर आतां प्रत्येक फ्यूजचें नांव लिहिलेलें आहे आणि आंतल्या अंगास सहा जादा फ्यूज चिकटविलेले आहेत. चालकानें ते स्वतःच्या हातानें लावले. चांदीच्या कागदाचा विषय त्यानेंही पुन्हां काढलेला नाहीं.